शोहेईचं सुतक

कथेत माणूस मारायचा तर हात राखून मारू नये, असं शकूचं ठाम मत होतं. "अर्धवट मेलेलं पात्र म्हणजे अर्धवट उकडलेला बटाटा," ती म्हणायची. आणि आज, ऐन स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर आणि पाहुणे यायच्या आत, ती शोहेईला मारणार होती. व्यवस्थित! येसूआत्याच्या डोळ्यांसमोर!

घाबरू नका. शोहेई हा जपानी कार्टूनमधला मुलगा. शकूचा भाऊ नागू जहाजावर नोकरीला. त्यानं सुट्टीत येताना व्हिडिओ आणला, आणि सोबत पिशवीभर जपानी कॅसेटी. त्यातली भाषा दहिवलीत कुणालाच येत नव्हती. म्हणून चित्रं टीव्हीवर आणि गोष्ट शकूच्या तोंडून, अशी व्यवस्था होती. तिकडच्या कॅसेटी आपल्या टीव्हीवर लावल्या की रंग दिसत नाहीत. शोहेईचे केस निळे आहेत, असं शकूनं परस्पर ठरवून टाकलं होतं. ती बीएस्सी झालेली. तिच्याशी वाद कोण घालणार!

"आपल्या सिनेमातला हिरो आधी मारतो, मग गातो," शकू सांगायची. "शोहेई आधी रडतो आणि मग लढतो. खरी हिंमत ती!"

"आणि तो मुखवटेवाला मेला त्याच्यावर का उठलाय?" येसूआत्या विचारायची. आई गेल्यापासून या आत्यानंच दोन्ही पोरांना वाढवलं होतं.

"त्याचं गाव जळालंय गं, आत्या. खलनायकाला कारण असावं लागतं."

"कारण हाय तर सरपंचाकडं जावं! पोरावर तलवार कशापायी?"

तिकडे आता टीव्हीला जोडून खेळायचा खेळही निघालाय, असं नागू सांगायचा. आपणच हिरो व्हायचं, गावोगाव फिरायचं, दिसेल त्याच्याशी बोलायचं, लोकांच्या घरात शिरून कोपरे धुंडाळायचे.

"त्यात ख्योळ कसला?" आत्या म्हणाली होती. "शेजारची सोनुबाई रोज तेच करते."

तर त्या दुपारी घर सजलं होतं. कळंबहून मुलाकडचे येणार होते. मुलगा कमळाकर, खोपोलीला कारखान्यात फिटर. पाहायला आला तेव्हा बाकीच्यांनी भाकरी थापता येते का म्हणून विचारलं, त्यानं विचारलं, "तुम्हाला काय बघायला आवडतं?" आणि शकू बोलत राहिली, तो ऐकत राहिला. एकदाही जांभई नाही! असा श्रोता पुन्हा मिळणार नव्हता. अडचण होती ती त्याच्या आईची. गंगाबाईंनी आधीची दोन स्थळं नाकारली होती. एक मांजर आडवं गेलं म्हणून आणि दुसरं दूध उतू गेलं म्हणून!

शकूनं कॅसेट लावली. लाकडी पूल, खाली धुकं. मुखवटेवाला मागून आला. शोहेई पडला. शकूनं आवाज अगदी खाली आणला.

"गेला."

आणि आत्यानं हंबरडा फोडला! असा, की कोंबड्या कुडावर चढल्या. "माझा राजा गं!" करत ती मागच्या दारी धावली आणि नव्या लुगड्यासकट बादलीभर पाणी तिनं डोक्यावर ओतून घेतलं. लांबचं कुणी गेल्याची बातमी आली की आपल्याकडे डोक्यावरून पाणी घेतात, तशी आंघोळ!

कुडापलीकडे सोनुबाई तांदूळ पाखडत होती. तिनं रडणं ऐकलं, आंघोळ पाहिली. आणि घरातला मुलगा तर परत जहाजावर गेलेला! तिला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. सूप टाकून ती ओरडत सुटली, "नागू गेला वं! नागू बुडाला!"

शकूचे वडील, चांगो, नाक्यावर हार घ्यायला गेले होते. गावातल्या गजानं सायकलवरून जाऊन त्यांना गाठलं. ते अनवाणी धावत आले. हातातल्या हारांचे नुसते दोरे उरले होते.

"नागू?" त्यांच्या तोंडून एवढंच फुटलं.

त्यांचा चेहरा पाहून शकू पुढे धावली. "बाबा, नागू बरा आहे! शोहेई गेला."

"कोन शोहेई?"

"कार्टूनमधला."

चांगो मटकन खाली बसले. मग उठले. "चित्रातला? अगं, हितं माजा जीव चालला हुता!"

तोवर अंगण भरलं होतं. पांढऱ्या टोप्या, खाली घातलेल्या माना. मुंबईला बंदरावर कुणाला धाडायचं, याची चर्चाही सुरू झाली होती. चांगोंनी हात जोडले. "मंडळी, कुनी मेलं नाय! घरी जावा!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "डोक्यावर परिणाम झाला वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं. "बस रं चांगो, पानी पी."

"खरंच कुनी मेलं नाय!"

"नाय कसा?" ओलीचिंब आत्या दारातून कडाडली. "म्या माज्या डोळ्यांनी बगितला!"

आणि नेमका तेव्हाच टेंपो थांबला.

गजानं नाक्यावरच पाहुण्यांनाही गाठलं होतं. गंगाबाई उतरल्या. हातातलं ओटीचं ताट त्यांनी गुपचूप टेंपोत परत ठेवलं. मागे कमळाकर, नव्या टेरिलीनच्या शर्टात, पांढराफटक.

"आमाला कळलं," गंगाबाई म्हणाल्या. "लई वाईट झालं. साखरपुडा ऱ्हाऊ द्या आता. पुढच्या वर्साचं बगू."

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे शकूला कळत होतं. नवरीनं आत बसायचं असतं. ती तडक अंगणात आली.

"मावशी, कुणी मेलेलं नाही. म्हणजे मेलाय. पण तो मी मारलाय!"

अंगणातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"कुनाला?" गंगाबाई एक पाऊल मागे सरल्या.

"दाखवते. आत या."

माजघरात मुंगीला शिरायला जागा राहिली नाही. शकूनं कॅसेट मागे घेतली. अजूनही वेळ गेली नव्हती. नुसती भोवळ आली, असं म्हटलं की सगळं निभावलं असतं! पण तसं सांगायला जीभ रेटेना. लग्न मोडायचंच तर निदान गोष्ट तरी धड सांगून मोडू दे, असं मनाशी म्हणत तिनं सुरुवात केली. शोहेईचं रडणं सांगितलं, जळालेलं गाव सांगितलं. गंगाबाईंचा चेहरा पाट्यासारखा. पूल आला. धुकं आलं.

"मागं बग रं, मुडद्या! मागं!" गंगाबाई अचानक किंचाळल्या.

शोहेई पडला.

गंगाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आई हाय का त्याला?"

"नाही. आत्या आहे," शकू म्हणाली. हे तिनं त्या क्षणी ठरवलं.

झालं! येसूआत्या आणि गंगाबाई एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सोनुबाईही रडली, ती तर तयारच होती. रडून झाल्यावर गंगाबाई उठल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा कोरडा झाला.

"आता एवढी रडारड झालेल्या घरात पाट कसा मांडायचा?"

चांगोंनी डोळे मिटले. शकूनं कमळाकरकडे पाहिलं. तो टीव्हीकडेच बघत होता.

"नात्याचा हाय का त्यो?" गंगाबाईंनी विचारलं.

"नाय," चांगोंनी डोळे उघडले.

"रगताचा?"

"नाय वो, विहीणबाई, शाईचा!"

"मंग सुतक कशाचं? लांबचा मानूस, डोक्यावरनं पानी घेतलं की सुटलं." गंगाबाईंनी पदर खोचला. "पर रडलं त्या समद्यांनी घ्यायचं. चला हिरीवर! कमळाकर, तू बी!"

चैत्रातल्या उन्हात विहिरीवर रांग लागली. नवे शर्ट, नवी लुगडी, पांढऱ्या टोप्या, सगळ्यांवर एकेक बादली. मुंबईला निघालेला माणूसही रांगेतच! मग पाट मांडले गेले आणि दहिवलीतला सर्वांत ओला साखरपुडा सुरू झाला. अक्षता कपाळाला लागायच्या आणि तिथंच चिकटून राहायच्या.

साखरेचा पुडा हातात देताना कमळाकर किंचित वाकला. त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं.

"एक विचारू?" तो कुजबुजला. "अगदी शेवटी त्याची पापणी हलली ना?"

शकूनं ती पापणी पहिल्याच वेळी पाहिली होती. तिनं एकदा गंगाबाईंकडे पाहिलं. त्या आत्याच्या शेजारी बसून केस झटकत होत्या.

"हळू बोला," शकू म्हणाली. "सगळ्यांच्या आंघोळी झाल्यात."