आत्या खुर्ची होते

आत्या नापास व्हायची त्याचं कारण एकच होतं. तिला गप्प बसता येत नसे. बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचे सगळे पेपर ती हसत सोडवी, पण शेवटच्या प्रात्यक्षिकात एका लहान मुलाचं नुसतं निरीक्षण करायचं असे आणि तिथे गाडी अडे. मूल रडलं की आत्या पेन टाकून धावलीच. मागच्या खेपेला परीक्षक बाईंनी निरीक्षणाचा कागद मागितला, तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि कागद त्यानं चघळून संपवला होता.

या खेपेला पास झाली, तर कोपऱ्यावरच्या बालवाडीतली जागा तिची होती. नाही झाली, तर ती दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. म्हणून बाईंनी तिला आधीच बजावलं, "निरीक्षण करताना तुम्ही खोलीतली खुर्ची व्हायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही, मदत करायची नाही. खुर्ची जे करते तेवढंच करा." आणि या वेळी प्रात्यक्षिक घरीच घेऊ, मूलही घरातलंच चालेल, एवढी सवलत दिली.

घरातलं मूल म्हणजे आत्याचा दोन वर्षांचा भाचा. त्याला सगळे भोंगा म्हणत. तो जागा असला की इमारतीला कळे. स्वयंपाकघरातली झाकणं आपटणं आणि दारातले बूट नेऊन न्हाणीघरातल्या बादलीत बुडवणं, हे त्याचे दोन मुख्य उद्योग. पाहुणे जायला निघाले की आजी आधी बादलीत हात घाली आणि मग माफी मागे.

आठवडाभर आत्यानं खुर्ची होण्याचा सराव केला. कोपऱ्यातल्या स्टुलावर ती बसे, मान जराशी कलती, पेन हनुवटीला टेकवलेलं, चेहरा कोरा. भोंग्यानं तिच्या मांडीवर गाडी आणून ठेवली, तिची बाही ओढली, एकदा ओला बूटही आणून दिला. आत्या ढिम्म. आतून तिचा जीव तुटत होता, पण बालवाडी डोळ्यांपुढे आणून तिनं तोही गप्प बसवला. भोंगा मग तिच्यापुढे उभा राहून बराच वेळ तिच्याकडे बघत राही आणि निघून जाई.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी घरात शांतता होती. ती पहिल्यांदा वहिनीला, भोंग्याच्या आईला, जाणवली. झाकणं जागेवर होती, बूट कोरडे होते. ती घाबरून बाहेर आली, तर भोंगा आपल्या खेळण्यांचा डबा उपडा घालून त्यावर बसला होता. मान एका बाजूला, हनुवटीला रंगीत खडू, चेहऱ्यावर काही नाही. तिनं हाक मारली. त्यानं फक्त बघितलं.

"याची मान आखडलीय," आजी म्हणाली.

"हनुवटी धरून बसलाय. दाढ येत असेल," वहिनी म्हणाली.

त्याच्या बाबांना वेगळीच शंका आली, की यानं काहीतरी गिळलंय. ते खेळण्यातल्या गाड्यांची चाकं मोजायला बसले आणि एक चाक कमी भरलं. तेवढ्यात ते सोफ्याखाली सापडलं, पण तोवर घराचा धीर सुटला होता. आजीनं टाळ्या वाजवल्या, बाबांनी चार प्राण्यांचे आवाज काढले, वहिनीनं मन घट्ट करून आपले नवे बूट त्याच्यापुढे ठेवले. भोंग्यानं त्यांना हातही लावला नाही. तेव्हा मात्र वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या स्टुलाजवळ उभी होती. आठवडाभर आपण त्याच्याशी बोललो नाही, म्हणून पोरानं बोलणं टाकलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं आणि ते कुणाला सांगायची तिला हिंमत होत नव्हती.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी मान वळवून पाहिली, ती नीट वळली आणि परत कलली. पोट दाबलं, कानात पाहिलं. भोंगा त्यांच्याकडे असा टक लावून बघत होता, की डॉक्टरांनी आपल्या शर्टाची बटणं चाचपली. "पोराला काही नाही," ते म्हणाले, "पण हा बघतोय काय एवढं?"

त्याच वेळी परीक्षक बाई आल्या. इलाज नव्हता. आत्या स्टुलावर बसली, मान कलती केली, पेन हनुवटीला लावलं. समोर भोंगा. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. बाई दारातच थांबल्या आणि आळीपाळीनं दोघांकडे पाहू लागल्या.

आत्याला ते सहन झालं नाही. तिनं पेन फेकलं, भोंग्याला उचललं आणि घट्ट धरलं. "बोल रे राजा. नोकरी गेली खड्ड्यात, तू एकदा ओरड."

भोंग्यानं खडू फेकला, तिच्या गळ्याला मिठी मारली आणि तिच्या कानातच ओरडला, "बोल ले लाजा!" मग एकदा उघडलेला भोंगा बंद होईना. आजी मटकन खाली बसली. वहिनी रडत होती आणि हसतही होती. बाबांनी हातातलं चाक खिशात टाकलं.

"त्याच्या मानेचं काय ते पुन्हा बघतो," डॉक्टर म्हणाले.

"त्याची राहू द्या. यांची बघा," बाई म्हणाल्या आणि आत्याला पुन्हा स्टुलावर बसायला सांगितलं. ती सवयीनं बसली. मान कलली, हात हनुवटीला गेला. आजीनं तिच्याकडे पाहिलं, उपड्या डब्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

आत्याचा चेहरा मात्र उतरला होता. "म्हणजे मी नापासच. या वेळीही उचललंच ना."

"जे दिसलं ते लिहा," बाई म्हणाल्या.

भोंगा मांडीवर असल्यामुळे आत्यानं वेडंवाकडं लिहिलं : 'या वयाचं मूल सांगितलेलं करत नाही, बघितलेलं करतं.' बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि खाली पासची सही केली.

"आणि मी खुर्ची झाले नाही, त्याचं?"

"त्या बालवाडीत खुर्च्या पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. "मी पाहिल्यात."

आत्यानं भोंग्याचे इतके पापे घेतले, की तो वैतागून निसटला. सगळे बोलत राहिले, आणि बाई निघाल्या तेव्हा दारात त्यांचा एकच बूट होता. आजी न्हाणीघरात गेली आणि दुसरा निथळता बूट उंच धरून आली. या खेपेला तिनं माफी मागितली नाही.

"बघा," ती म्हणाली. "कुणी न सांगता, कुणाचं न बघता केलंय."