बशीरभाईंचा रबरी बेडूक

आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या स्विमिंग पूलमध्ये मासे नाहीत. बशीरभाईंनाही हे ठाऊक होतं. तरी ते रोज सकाळी सहाला तिथे गळ टाकायचे, दोरीच्या टोकाला काटा काढलेला हिरवागार रबरी बेडूक.

"अंकल, इधर फिशिंग मना है," वॉचमन रोज सांगायचा.

"हबीबी, मछली किधर है? प्रॅक्टिस है," बशीरभाई रोज उत्तर द्यायचे.

माझी मुलगी बाल्कनीतून ओरडायची, "पपा, अंकल इज फिशिंग इन द पूल अगेन!"

बशीरभाई आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, साठीला टेकलेले, तीस वर्षं इथे आखातात, जेबेल अलीच्या बंदरात स्टोअरकीपर. जूनअखेर ते कॅनडाला मुलाकडे, अनिसकडे, निघाले होते आणि तो त्यांना एक दिवस तळ्यावर बास पकडायला नेणार होता. बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याला लूअर लागतं, म्हणजे खोटं आमिष, आणि कोणतं लावायचं ते पाणी आणि ऊन बघून ठरवायचं. हे कळल्यापासून माणसाची झोप उडाली होती.

त्यांनी निळा डबा आणला आणि हाडाच्या स्टोअरकीपरप्रमाणे प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी लावली. 'स्वच्छ पाणी, ऊन.' 'गढूळ पाणी, वारा.' एका कप्प्यावर नुसतंच 'ढग'. मग लिफ्टमध्ये माझी परीक्षा सुरू.

"देशपांडे, पाणी नितळ असलं तर साध्या रंगाचा रबरी किडा तळाशी हळूहळू ओढायचा. गढूळ असलं तर भडक रंग, खुळखुळ वाजणारा. बरोबर ना?"

मी पुण्याचा. माशाशी माझा संबंध ताटापुरताही नाही. तरी मी म्हणायचो, "अगदी बरोबर."

"पण पाणी अर्धवट गढूळ निघालं तर?"

या प्रश्नाने त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला छळलं. काळजी सर्दीसारखी पसरते. ऑफिसात बसून मीसुद्धा त्या तळ्याचं हवामान बघायला लागलो.

निघायच्या आदल्या दुपारी ते डबा घेऊन आमच्याकडे आले. "बेडूक नेऊ की नको? ढग आले तर?"

माझा संयम सुटला. "बशीरभाई, सगळं लहानपण खाडीवर गेलं तुमचं! मासा मिळेल नाही तर नाही. एवढं काय त्यात?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"माशाची कुणाला पडलीय रे? मी इथे आलो तेव्हा अनिस दोन वर्षांचा होता. दर सुट्टीला सांगायचो, पुढच्या खेपेला तुला खाडीवर नेतो. कधी नेलं नाय. फोनवर काय, जेवलास? जेवलो. बरा आहेस? बरा. खलास. आता होडीत आठ तास आम्ही दोघंच. माशाचं तरी बोलता आलं पाहिजे ना?"

मी चांगलाच ओशाळलो. बेडूक मीच डब्यात ठेवला.

ते तळ्यावर गेले त्या दिवशी, आमच्याकडे दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना मेसेज आला. 'होडीत बसलो. पाणी नितळ. किडा लावतो. इन्शाल्ला.' मला हायसं वाटलं. अर्ध्या तासाने दुसरा आला.

'देशपांडे, घोटाळा झाला. हा लूअरचं काही विचारतच नाय. म्हणतो, अब्बा, तुम्ही लहानपणी गावाला मासे कसे पकडायचात? काय सांगू? यल्ला, लवकर लिही.'

मी मीटिंग सोडून बाहेर आलो आणि लिहिलं, 'फोन खिशात ठेवा.'

दोन निळ्या खुणा उमटल्या. ऑफिस सुटेपर्यंत मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो. एकही मेसेज आला नाही. फार बरं वाटलं.