लागला का वारा?

साहेबरावमामा कापडाच्या दुकानात शिरले की आधी दुकानदाराचा हात मागायचे, भाव नंतर. गुलमंडीच्या बाजारातल्या रशीदचाचांना तळहात पुढं करायला लावायचे, त्यावर पांढरं सुती कापड धरायचे आणि गाल फुगवून फुंकर मारायचे.

"लागला का वारा?"

"लग्या, मामा."

"किती?"

आता वारा किती लागला हे माणसानं कसं सांगायचं? चाचा वैतागायचे, "कपडा लेने आए, की चूल्हा फूँकने?" मामांवर ढिम्म परिणाम नाही. ते रुमालाएवढा नमुना कापून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, "नापास."

मामा आमच्या बांधकामावर मुकादम, मी कारकून. ते मूळचे फुलंब्रीकडचे, मेंढरं वळणाऱ्या घरातले. तेव्हा पावसानं सलग पाठ फिरवली होती आणि शहर मात्र ज्वारीच्या रानांवर मजले चढवत सुटलं होतं. उन्हात स्लॅबवर उभं राहणाऱ्याला पातळ, पांढरा, सुती शर्टच हवा, यावर मामा कुणालाही धरून व्याख्यान द्यायचे. "कामाचा शर्ट आसा पायजे, की घातला अन् इसरला!" टेरिकॉट घालणाऱ्या इंजिनिअरकडे ते आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या त्यांच्या गल्लीत पांढरा शर्ट म्हणजे चैनच. मामा तो स्वतः अर्ध्या बादलीत धुवायचे, नीळ द्यायचे आणि उरलेलं पाणी डब्यात भरून आणून आमच्या भिंतींवर मारायचे. जिन्याची एक भिंत त्यामुळं बरेच दिवस निळसर होती. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा सगळे मजूर एकाएकी कामाला लागले.

मला कोडं होतं ते वेगळंच. एवढा दर्दी माणूस, पण अंगात तेच दोन जुने शर्ट. कॉलरचे धागे लोंबायचे, पाठीची जाळी झालेली. एकदा मी म्हटलंच, "मामा, घ्या की एखादा. सगळी गुलमंडी फुंकून झाली!"

"मामी पास करील तवा घीन."

मामी फारच कडक दिसते, असं मी मनात म्हटलं.

शेवटी चाचांनी त्यांची फिरकी घेतली. एक दिवस मामा घाईत होते. चाचांनी गादीच्या खोळीचं जाडजूड पांढरं कापड नमुना म्हणून कागदात गुंडाळून दिलं. त्यातून वाराच काय, पाणीसुद्धा गेलं नसतं. मामा पुडी न उघडताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला ओढतच दुकानात घेऊन आले. "कालचंच फाडा. शर्टापुरतं."

चाचा ओशाळले. "मजाक किया मैं, मामा. ये तो गादी का कपडा है."

"ठावं हाय."

मामा बाकड्यावर बसले आणि कधी नव्हे ते हळू बोलले.

"मामीला लकवा मारून दोन सालं झाली. उजव्या तळहाताला काय बी कळत नाय तिच्या. लगीन झाल्यापासून माह्या शर्टाचं कापड तीच पास करायची, त्याच हातावर फुकर घिऊन. शिवायची बी तीच. मला वाटलं, एखादं लई पातळ कापड घावंल, त्यातून तिला वारा लागंल. रोज फुकतो, रोज इचारतो. ती नाय म्हनती. काल ह्ये धरलं. म्या फुकायच्या आदीच म्हनली, लागला!"

चाचांनी खोळीच्या कापडाचा तागा खाली काढला.

"बोलताना तिची नजर माह्या फाटक्या कॉलरवर व्हती," मामा म्हणाले. "खोटं बोलली, त्ये मला कळत नाय व्हय? पर आता तिला नापास करू का?"

चाचांनी कापड फाडलं.

ऐन उन्हाळ्यात मामा तो शर्ट घालून स्लॅबवर उभे होते. नखशिखान्त घामानं निथळत होते. मला राहवलं नाही. "काय मामा, घातला अन् इसरला का?"

त्यांनी बाहीनं कपाळ पुसून पाहिलं. त्या कापडानं घामही टिपला नाही.

"नाय बाबा," ते म्हणाले, "ह्यो काय इसरत नाय."