दाजींचा कडक कायदा

आमच्या दाजींच्या घरी नव्या माणसाला पाणी मिळायच्या आधी ओळखीची खूण सांगावी लागे. माणूस उंबऱ्याशी चपला काढतोय तोवर आतून आवाज यायचा, "नाव?" नाव सांगून झालं की, "वळखीची खूण?" समोरचा गोंधळायचा. कुणी कपाळावरचा वण दाखवी, कुणी हनुवटीवरचा तीळ. पोस्टमननं एकदा वैतागून "सायकल" असं सांगितलं. दाजींनी ते मान्य केलं नाही. "उद्या सायकल चोरीला गेली, तर तू कोण म्हणून ऱ्हाशील?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, हौसाक्काचे, यजमान. पलटणीतून हवालदार म्हणून घरी आलेले. पलूसच्या अलीकडे एका गावाबाहेर चार एकर ऊस आणि त्या उसातच घर. मी साताऱ्याला शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीत तिकडे जायचो. ते मला 'मास्तर' म्हणत. त्या शब्दात आदर थोडा आणि कीव जास्त असे.

त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली. दर रविवारी ती पेटीतून निघायची, तेल-फडकं व्हायचं, आणि पुन्हा पेटीत जायची. दाजींनी ती झाडलेली मी कधी पाहिली नाही. रानडुकरं उसात शिरली की दाजी बांधावर ताठ उभे राहून त्यांना पलटणीतल्या हिंदीत हुकूम सोडायचे, "पीछे मुड!" डुकरं पोट भरल्यावरच पाठ फिरवायची. दाजी म्हणायचे, "बघा मास्तर, डिसिप्लीन."

ती बंदूक उडाली ती एकदाच, आणि उडवली अक्कानं. दाजी तेव्हा सरहद्दीवर होते. शेतात बाई एकटी, म्हणून त्यांनी परवान्यावर तिचंही नाव घालून घेतलं होतं, म्हणजे त्यांच्या मागं तिनं बंदूक हाताळली तरी गुन्हा होऊ नये. कचेरीतला कारकून हसला होता म्हणे. "हवालदार, बाईचं नाव?" दाजी म्हणाले होते, "बंदुकीला काय कळतंय, बाई हाय का बाप्या?" तर अक्कानं एकदा कोल्ह्यावर नेम धरला आणि बार बसला बुजगावण्याला. त्या बुजगावण्याच्या अंगावर दाजींचा जुना लष्करी कोट होता. छऱ्यांनी कोटाला सतरा भोकं पडली.

पुढं दर थंडीत दाजी तोच कोट घालून गावात हिंडत. कुणी भोकांकडे पाहिलं की दूर क्षितिजाकडे बघत म्हणत, "मरता मरता वाचलो." खोटं एक अक्षर बोलत नसत. ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते त्याच्यावर सोडत. गावातले किराणा दुकानदार अण्णा चौगुले मात्र जवळ येऊन भोकं न्याहाळत. "एवढीशीच भोकं ओ! शत्रूनं तुमाला चिमणी समजलं व्हय, हवालदार?"

दुष्काळाच्या वर्षी अक्का काविळीनं गेली. आठ दिवसांत. मला वाटलं होतं, दाजी आता गप्प होतील. झालं उलटंच. त्यांना कायद्याचं वेड लागलं.

निमित्त शेजारच्या गावच्या लग्नाचं. वरातीत नवऱ्या मुलाच्या मामानं आनंदाच्या भरात बार काढला आणि बँडवाल्याची दोन बोटं गेली. सनई वाजवणारा माणूस तो. मामाला दंड झाला, लग्न पार पडलं. आमच्या गावच्या पारावर मात्र महिनाभर एकच वाद चालला, की बंदुकीचा कायदा कडक करावा की नाही.

"कडक म्हंजे लय कडक," दाजी म्हणत. "सालातनं एकदा पाच गोळ्यांची परीक्षा. नेम चुकला, परवाना रद्द."

"आवं, कायदा कडक केला की शाण्याची बंदूक जाती आणि चोराची ऱ्हाती," अण्णा म्हणत.

"आणि डुकरं काय अर्ज करून येत्यात व्हय?" एक ऊसवाला विचारी.

"त्या वाजंत्र्याची बोटं इच्यारून गेली व्हय रं?" दाजी म्हणत.

अण्णा जैन. पाणी गाळून पीत, दिवस मावळायच्या आत जेवत, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालत. आणि दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर बंदूक. "जीव घ्यायला न्हाई ओ, दाखवायला." परवाना वडिलांच्या नावावर होता. वडील वारून बरीच वर्षं झाली होती, पण सरकारदरबारी ते धडधाकट होते आणि त्यांना चोरांची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर सगळ्या गावालाच कायदा कडक हवा होता. फक्त तो शेजारच्या घरापासून सुरू व्हावा, एवढीच अट होती.

दाजींचं शेजारचं घर म्हणजे अण्णा. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा दाजींनी ताव आणि दौत पुढं ठेवली. "मास्तर, लिव्हा. साहेबांना अर्ज." पहिलं कलम वरातीत बार काढणाऱ्यांचं. दुसरं पाच गोळ्यांच्या परीक्षेचं. तिसरं सांगताना ते उठून उभे राहिले. "मेलेल्या माणसांची नावं सरकारी दप्तरात ठिवून कैक लोक बंदुका मिरवत्यात. अशी नावं तपासून समद्यांसमोर तांबड्या शाईनं खोडावीत."

मी ते शुद्ध मराठीत आणलं. 'कैक' काढून 'अनेक' घातलं. ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासलं. बाकी काही तपासावं असं दोघांनाही सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्याहून साहेब आले. जिल्हाभर तपासणी निघाली होती. ती आपल्या अर्जामुळे निघाली, असं दाजी सोडून कुणीच मानत नव्हतं. चावडीत टेबल मांडलं, परवान्याच्या वह्या रचल्या. सारा गाव जमला. दाजी कोट घालून आले. वैशाखात!

पहिला पुकारा अण्णांचा. दाजी पुढं सरसावून बसले. साहेबांनी वही चाळली. "वडील वारले? मग वारसानं अर्ज करा. तीन महिन्यांची मुदत. तोवर बंदूक इथं जमा करा." अण्णा हात जोडून "हो ओ, करतो की" म्हणाले आणि मागं जाऊन बसले. एवढंच. दाजींचा चेहरा गुलाल पुसल्यासारखा झाला.

मग दाजींची वही निघाली. साहेबांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हौसाबाई कोण?"

"मंडळी," दाजी म्हणाले.

"हजर करा."

दाजी कोटाची बटणं लावू लागले. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मागून अण्णाच हळू आवाजात म्हणाले, "वारल्या ओ त्या, साहेब. तीन वर्सं झाली."

"मग नाव खोडायला हवं." साहेबांनी तांबड्या शाईचं पेन उघडलं. "इथं सही करा. तुमची बंदूक तुम्हालाच राहील, काळजी नको."

दाजींनी त्या पानावर पंजा ठेवला. सबंध पान झाकलं गेलं.

"खोडायचं न्हाई."

"अहो, असा अर्जच आलाय कचेरीत. खाली तुमची सही आहे."

"अर्ज माझाच हाय."

लोक हसले. मीही, सवयीनं, थोडा हसलो. दाजी तसेच वाकून उभे. मग त्यांनी विचारलं, "साहेब, बंदूकच कायमची जमा केली, तर?"

"तर परवानाच रद्द होईल. शिक्का मारून वही तुम्हाला परत."

"शिक्का कितव्या पानावर मारता?"

"पहिल्या."

"हे कितवं हाय?"

"तिसरं."

"मग मारा."

साहेबांनी शिक्का मारला. दाजींनी बंदूक टेबलावर ठेवली, नळीवरून एकदा फडकं फिरवलं, साहेबांना सॅल्यूट ठोकला आणि वही कोटाच्या आतल्या खिशात घालून ते चालू लागले. दारात कुणीतरी टोमणा मारलाच, "का ओ दाजी, पाच गोळ्यांच्या परीक्षेला भ्यालासा व्हय?"

"रूल म्हंजे रूल," दाजी मान न वळवता म्हणाले.

गावानं पुढं वर्षभर ती गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. दाजींचा कायदा दाजींनाच नडला. फक्त अण्णांनी त्यांना पुन्हा चिमणीवरून चिडवलं नाही. दाजींचं वागणं बदललं नाही. रिकामी पेटी ते दर रविवारी पुसत. तिच्यावर कुणी बसायला गेलं की ओरडत. मी एकदा म्हणालो, "दाजी, आता त्यात धान्य तरी ठेवा." त्यांनी माझ्याकडे बघून नुसतं "मास्तर" म्हटलं. तो त्यांचा नेहमीचाच सूर होता.

दाजींना जाऊन आता वर्ष होईल. मूलबाळ नव्हतं, म्हणून घर आवरायला मीच गेलो. परवान्याची वही कोटाच्या खिशातच सापडली. तिसरं पान उघडलं. नाव हौसाबाई, वय अंदाजे तीस, उंची पाच फूट. ओळखीच्या खुणेपुढं कारकुनाच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, 'हसते'. एवढा एक शब्द लिहून घ्यायला दाजी त्या कारकुनाशी किती भांडले असतील, देव जाणे.

त्याखाली अंगठा असेल असं मला वाटलं होतं. आमच्या घरात शाळेत फक्त मी गेलो. अक्का माझं दप्तर घेऊन वेशीपर्यंत यायची आणि परत फिरायची. पण तिथं सही होती. मोठाली, थरथरती अक्षरं, शेवटची 'ई' चौकटीच्या बाहेर गेलेली. अक्काला सही करता येत होती, हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी साताऱ्यात चाळीस मुलांना शुद्धलेखन शिकवत होतो.

मग मी पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं कोरून कित्ता काढलेला होता. वरची ओळ दाजींच्या ठसठशीत अक्षरात, 'हौसाबाई'. तिच्याखाली तेच नाव, आधी फार वाकडं, मग जरा कमी वाकडं, झाकणाच्या कडेपर्यंत.