पाय हरवलेला फोटो

श्रोतेहो, यंत्राने अडवले की माणूस थांबतो. पण यंत्र अडवीनासे झाले, तर तो आपण होऊन थांबतो काय?

मुर्रीचे धनेंद्र थांबले नाहीत. ते एका शाळेत लिपिक. चाळिशी उलटल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. मग फ्लॅश, फ्लॅशसाठी स्टँड, आणि कळ दाबताच दूरचा फ्लॅश पेटवणारा ट्रिगर. (हजेरीपट भरणाऱ्या माणसाला एवढा उजेड कशाला हवा होता, ते परमेश्वर जाणे.)

पुढे सौंदडला त्यांच्या मेहुणीचे, रिंकीचे, लग्न निघाले. सासरे दुर्गाप्रसाद यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात जेमतेम उचलला जाई. तरीही मांडवात लेकीचे पाय आपणच धुणार, असा त्यांचा निश्चय होता. वधूवरांचे पाय परातीत ठेवून मायबापांनी धुवायचे, ही त्यांच्या पोवार समाजाची रीत. सासूबाई रामकली यांनी साऱ्यांना एकच बजावले होते, "बाकीचे फोटो बिघडले त बिघडो. ह्यायच्या हातचा लोटा अन् पोरीचे पाय, हा एक फोटो मले पायजे."

गावातला स्टुडिओवाला हेमेंद्र लग्नासाठी ठरला होता. त्याला धनेंद्र म्हणाले, "पाय धुण्याचा फोटो मी काढीन." जावयाच्या शब्दाला त्या घरात नकार नसतो. हेमेंद्रने आपला कॅमेरा पेटीत ठेवला, मात्र जाता जाता म्हणाला, "जिजाजी, शटरचा वेग दोनशेच्या वर नेऊ नका."

"काऊन?"

"आत दोन पडदे रायतेत. दोनशेपर्यंत खिडकी एकदा पुरी उघडते. वर नेलं का पयला पडदा पुरा उघडाच्या आधीच दुसरा मागून झाकत येते. फ्लॅश चमकते तवा अर्धा फोटो झाकलेला. तेवढा काळा."

"चुकलं तर कॅमेरा अडवतो ना?"

"फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला असला त अडवते. तुमचा तिकडं स्टँडवर हाय. ह्या ट्रिगरचा कॅमेऱ्याले पत्ताच नाई."

धनेंद्रांनी यातले शेवटचे वाक्य तेवढे मनात ठेवले, आणि त्यालाच परवानगी मानले. हेमेंद्र जेवायला गेला.

दुर्गाप्रसादांना दोघांनी धरून पाटावर बसवले. मांडवात उजेड मंद होता. लोट्यातून पडणारे पाणी पाहून धनेंद्रांच्या मनात मोह उपजला : एकेक थेंब हवेत थांबलेला दिसला पाहिजे! त्यांनी शटर चारशेवर नेले. कॅमेऱ्याने हूं की चूं केले नाही.

"एकदा पाहून त घ्या, कसा आला ते," पत्नी ओमेश्वरी म्हणाली.

"जाणकार माणूस दर फोटोला मागे डोकावत नसतो."

सासऱ्यांचा हात थरथरत वर गेला, लोटा कलला, पाणी लेकीच्या पायांवर पडले. दुर्गाप्रसाद रडले, रिंकी रडली, मांडव रडला. धनेंद्रांनी एकवीस फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी ते टीव्हीवर लावले. एकवीस फोटोंत सासऱ्यांचा चेहरा उजळ होता, अश्रूसुद्धा मोजून घ्यावेत इतका. कमरेखाली काळोख. हात नाही, लोटा नाही, पाय नाहीत. म्हातारा जणू विहिरीत वाकून रडत होता.

रामकलीबाईंनी टीव्ही बंद केला.

"थेंब त फ्लॅशच थांबवते, जिजाजी," हेमेंद्र हळूच म्हणाला. "शटर वाढवाची गरजच नोती."

रिंकी पहाटेच्या गाडीनेच नवऱ्यासोबत गुवाहाटीला निघून गेली होती. दिवाळीआधी येणे नव्हते. दुर्गाप्रसाद आपल्या हाताकडे पाहून म्हणाले, "दिवाळीपर्यंत हा उचलंल का नाई, देव जाने."

"खालचा भाग पुन्हा काढून जोडता येते," हेमेंद्रने सुचवले. "बाबूजीचा हात, लोटा अन् कोनाचेबी पाय."

"मी बसते," ओमेश्वरी उठली.

"तू बस खाली," रामकलीबाई म्हणाल्या. "ज्यानं पाय घालवले, थोच पाय देईल."

जावयाच्या शब्दाला नकार नव्हता. पण सासूच्या शब्दावर त्या घरात अपील नाही. ओमेश्वरीने नवऱ्याच्या पोटऱ्या वस्तऱ्याने साफ केल्या, पायांना माहूर, म्हणजे लाल आळता, लावला, पैंजण बांधले, साडी घोट्यापर्यंत गुंडाळली. धनेंद्र परातीत उभे राहिले. दुर्गाप्रसादांनी थरथरता हात पुन्हा उचलला. ओमेश्वरीच्या लग्नात त्यांनी याच जावयाचे पाय एकदा धुतले होते, आता दुसऱ्यांदा.

"हलू नका, जवाईबाबू," ते गंभीरपणे म्हणाले. "पोरगी अजिबात हालली नोती."

हेमेंद्रने शटर दोनशेवर ठेवले. पहिलाच फोटो स्वच्छ आला. थेंब हवेत थांबले होते. धनेंद्रांच्या पायाची, सायकलवरून पडून वाकडी झालेली करंगळीही स्पष्ट आली.

जोडलेला फोटो रामकलीबाईंनी देवघराशेजारी टांगला. लेकीचे पाय म्हणजे लक्ष्मीचे पाय. घरात येणाऱ्याने आधी तिथे माथा टेकवावा, मगच पाणी मिळेल, असा त्यांचा दंडक आहे.

धनेंद्र महिन्यातून एकदा सौंदडला जातात. चप्पल काढतात, हात जोडतात, आणि सासू पाहत असेपर्यंत त्या वाकड्या करंगळीपुढे माथा टेकवून उभे राहतात.