चढावर एक माणूस कमी

मारोतराव ड्रायव्हर माणसाला नाव विचारायच्या आधी वजन विचारायचे.

पालमच्या एका लहानशा सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी ते अंगणात जीप पुसत उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नवे भाऊसाहेब का? वजन किती?"

"कधी मोजलं नाही."

"मग मोजा की. बिनमोजलेला माणूस आमी गाडीत घेत न्हाई."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्याच दुपारी त्यांनी मला आडत दुकानात नेलं आणि ज्वारीच्या दोन पोत्यांच्या मधोमध काट्यावर उभं केलं. सत्तावन्न किलो भरलो. मी चपला काढायला लागलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गाडीत काय अनवाणी बसणार हाव का?" आणि खिशातल्या छोट्या वहीत माझं नाव न लिहिता 'नवे भाऊसाहेब, चपलासकट ५७' असं लिहिलं.

हे सगळं कशासाठी, ते मला महिन्याभरानं कळलं. आमची जीप जुनी होती. दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात वापरून वापरून आमच्याकडे धाडलेली. पण तिला नेहमीच्या गियरशेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळायचा. आमच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा जिथं आडवी व्हायची, तिथून ती रांगत रांगत बाहेर यायची. मात्र तिच्यात पूर्वीइतका जोर आहे की नाही, हे सांगायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. मारोतराव होते.

पालमच्या बाहेर एक लांबट चढ होता. पायथ्याला बाभळ, माथ्यावर मैलाचा दगड. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मारोतराव जीप तिथं न्यायचे. चाकात हवा तेवढीच, पोती तेवढीच, माणसं तीच. बाभळीपाशी तिसरा गियर पडायचा आणि दगडापर्यंत तिसराच राहायला हवा. मध्ये दुसरा टाकावा लागला, की गाडीचा दम कमी झाला.

"आज मोकळी चढवली, उद्या भरून चढवली, मग म्हनायचं गाडी बिघडली. ह्यो काय इन्साफ झाला?" असं ते नव्या माणसाला बजावून सांगायचे. इन्साफ हा त्यांचा आवडता शब्द. ते न्यायालयाबद्दल फारसं बोलत नसत, पण जीपवर अन्याय झालेला त्यांना खपत नसे.

या पहिल्या सोमवारांमुळे त्यांच्या पाठीला वजनकाटा फुटला होता म्हणा ना. कोण किती भरतो ते त्यांना चढावर कळायचं. आमचे जुने साहेब दिवाळीची सुट्टी संपवून आले, तेव्हा मारोतरावांनी अर्ध्या चढावर मागं न बघता विचारलं, "साहेब, अनारसे लय झाले वाटतं?" साहेब मनमोकळे हसले. हेडक्लार्क मात्र बायकोच्या सांगण्यावरून संध्याकाळचं जेवण सोडल्याचं सगळ्यांना सांगत फिरायचे. त्यांना मारोतराव खाली उतरल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, "घरी सांगत न्हाई मी. पन दोन किलो वाढलाव."

स्वतःलाही त्यांनी सोडलं नव्हतं. अंगात कणकण आली की आधी विहिरीवरून दोन भरल्या घागरी मध्ये न थांबता घरापर्यंत आणायचे. थांबावं लागलं तरच ताप खरा. त्यांच्या पत्नी कौसाबाई आम्हाला चहा देताना कपाळाला हात लावायच्या. "दुसऱ्याची मानसं आजारी पडली की निजतेत. आमचं मानूस आधी पानी भरतंय."

मला हा माणूस फार आवडायचा. म्हणून पुढचं लिहायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

जुने साहेब बदलून गेले, नवे आले. तरुण, घाईचे, स्वच्छ बुटांचे. त्यांच्या पहिल्याच महिन्यात मारोतरावांनी सांगितलं, "साहेब, गाडीचा दम कमी झालाय. दगडाच्या अलीकडं दुसरा टाकावा लागायलाय. इंजन खोलून बघायला पायजे." नव्या साहेबांना वाटलं, ड्रायव्हरला काम टाळायचंय. ते म्हणाले, "ठीक आहे, माझ्यासमोर चाचणी होऊ द्या. लेखी."

चाचणीचा कागद मीच टंकला. पूर्ण वजनानिशी, तिसऱ्या गियरवर वगैरे. शेवटी एक ओळ होती: 'चाचणी संपेपर्यंत ठरलेले सर्व वजन वाहनात होते.' त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी. साहेबांना घाई होती, म्हणून ती मी निघण्यापूर्वीच करून ठेवली.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, एसटी कधी सुटेल आणि कधी अडकेल याचा भरवसा नाही. पोखर्णीला मला मुलगी पाहायला जायचं होतं आणि गाड्याच नसल्यानं दोनदा बेत मोडला होता. मुलीच्या मामांनी निरोप धाडला होता, आज आला नाहीत तर आम्ही दुसरीकडे बघतो. म्हणून मी सकाळीच भांग पाडून, नवी टेरिकॉटची पँट घालून कचेरीत आलो होतो. चाचणी उरकली की निघायचं.

साहेब पुढे बसले. मागे वाळूची सहा पोती आणि त्यांच्यावर मी. वरून ताडपत्रीचं छत, त्यामुळे पुढच्यांना मागचं काही दिसत नव्हतं. बाभळीच्या शंभरेक पावलं अलीकडे मारोतरावांनी चाकं दाबून पाहिली, आत बसले, गाडी सुरू केली. नेमकी तेव्हाच चढावरून पोखर्णीमार्गे परभणीला जाणारी एसटी खाली आली आणि एका म्हातारीनं हात केला म्हणून थांबली.

मी उडी मारली. उतरताना माझा पाय लागून कडेचं एक पोतंही माझ्याबरोबर खाली आलं. ते उचलून परत टाकायला वेळ नव्हता. एसटीच्या दारात लटकून मी मागे पाहिलं, तर जीप बाभळ ओलांडून चढाला लागली होती, आणि आवाजावरून तिसऱ्यातच होती.

मुलगी मला पसंत पडली. तिलाही मी पसंत पडलो. ती आज माझ्या शेजारच्या खोलीत बसून हे लिहून व्हायची वाट पाहते आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काल तू दिसलाच नाहीस रे वर?" मी म्हणालो, "वर पोचल्याबरोबर उतरलो साहेब, उलट्या दिशेनं एसटी मिळाली." मारोतराव तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जीपची काच पुसायला निघून गेले. कागदावर साहेबांचा शेरा होता: 'वाहन पूर्ण शक्तीचे आहे.'

पुढच्याच महिन्यात, पहिल्या सोमवारच्या आधीच, मोठे साहेब पाहणीला आले. त्याच चढावर, माणसांनी भरलेली जीप अर्ध्यात धापा टाकायला लागली, थांबली आणि चिखलात मागे घसरली. मोठ्या साहेबांना उतरून ढकलावं लागलं. त्यांचे कपडे, आमच्या साहेबांचं तोंड, दोन्ही बघण्यासारखं झालं होतं. संध्याकाळी कचेरीत मारोतराव हात जोडून म्हणाले, "साहेब, आणखी एक डाव चाचणी घ्या. सगळी मानसं घिऊन."

साहेबांनी तो कागद त्यांच्यासमोर धरला. "चाचणी झालीय. साक्षीदाराची सही आहे. गाडी चांगली आहे, चालवणारा चांगला नाही."

मी फाईल छातीशी धरून उभा होतो. साखरपुडा ठरला होता, नोकरी कायम व्हायची होती. साहेबांनी कागद माझ्याकडे दिला, तो मी फाईलला लावला.

मारोतरावांच्या सेवापुस्तकात 'वाहन हाताळणीत निष्काळजी' असा शेरा पडला. त्यांना जीपवरून काढून गावाबाहेरच्या सामानाच्या आवारात पहारेकरी केलं. पाइप, सिमेंट आणि गंजलेल्या खिडक्या यांच्यात तो माणूस दिवस काढायला लागला. सहा महिन्यांनी इंजिन खोललं, तेव्हा आतल्या रिंगा झिजून गेल्याचं निघालं. मारोतराव बरोबर होते. तो अहवाल माझ्याच टेबलावर आला. मी त्याला भोक पाडून तो जीपच्या फाईलला लावला. मारोतरावांची फाईल वेगळ्या कपाटात होती. दोन कपाटांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. वर्षभरात माझी बदली झाली.

गेल्या महिन्यात बायकोला मी हे सारं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे मला बघायला त्यांच्या जिवावर आलात तुम्ही. लिहून काढा आणि नेऊन द्या." मी दोन पानी जबाब लिहिला, सही केली आणि पालमची एसटी धरली.

मारोतराव ओसरीत खाटेवर बसले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान जड, मिशा पांढऱ्याशुभ्र. कौसाबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. सून चहा ठेवून आत स्वयंपाकाला गेली. मी ओळख सांगायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"वळखलं. नवे भाऊसाहेब. आता सत्तरच्या खाली न्हाईत तुमी."

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते मान हलवत ऐकत राहिले.

"बाभळीपाशीच कळालं होतं," ते म्हणाले. "गाडी एकदम हलकी झाली. मला वाटलं एवढं कसं हलकं, भाऊसाहेब तर सत्तावन्नच हायत. दुसऱ्या दिशी जाऊन बघितलं तर पोतं बी पडलेलं. खांद्यावर घिऊन आलो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? सकाळी भांग पाडून आलावता. नवी पँट. पोरगी बघायला चाललंय पोरगं, हे आंधळ्याला बी दिसलं असतं. नोकरी नवी. मी म्हनलं, पुढच्या म्हैन्यात पयल्या सोमवारी परत चढवू, तवा समदं वजन भरू. एवढं काय त्यात." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "त्यो सोमवार आलाच न्हाई."

मला रडू आवरेना. ते अवघडले. "आवो, असं करू नका. पोरगी कशी निघाली?"

"चांगली."

"मग झालं की."

पण ते तेवढ्यानं झालं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी जबाब काढला आणि वाचून दाखवला. त्यांनी मध्येच बोट वर केलं. "पोत्याचं लिवलं का? नुसते तुमी उतरला म्हनून गाडी चढली न्हाई. पोत्याचं बी लिवा. बरोबर लिवा." मी तिथेच पेन काढून पोत्याची ओळ वाढवली आणि शेजारी पुन्हा सही केली.

"आता हा कागद खात्यालाही पाठवतो आणि एक प्रत तुम्हाला ठेवतो," मी म्हणालो.

"खात्यात आता कोन हाय वळखीचं?" ते हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "आवारात पडलो तवा पोरगा शाळेत होता. पोरं त्याला म्हनायची, तुझ्या बापानं सायेबाला चिखलात पाडलं. मी घरी लय डाव सांगितलं, गाडीच थकली होती म्हनून. कौसा हो म्हनायची. पन माझ्यापाशी कागद नव्हता. पोराला वाटायचं, बापाकडूनच चूक झाली आसंल. नातवाला बी तसंच ठावं हाय."

 मी कागद घडी करायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. पकड अजून ड्रायव्हरची होती.

"परत एक डाव वाचता का, भाऊसाहेब? पयल्यापासून," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं. सून आत हाय. पोरगा पन आत्ता शेतातून येतोय."

मी खाटेच्या कडेला सरळ बसलो आणि आवाज चढवून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.