दुखवट्यातली उजळणी

भोंगेरावांनी बायकोला शब्द दिला होता, आणि तोही दवाखान्यात, तिचा हात हातात धरून. "तू अजिबात काळजी करू नकोस. विज्ञान म्हणजे काय, तीनच तर भाग! जीव, रसायन आणि भौतिक. मी घेतो पोरीची उजळणी. पास झालीच म्हणून समज."

बायकोने सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलेला. तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. अंगात त्राण असतं तर ती पोट धरून हसली असती, कारण भोंगेराव स्वतः शाळेत या विषयात असे काही आपटले होते की त्यांच्या मास्तरांनी हात टेकले होते. बाईंचे शेवटचे शब्द काय होते असं पुढे लोक विचारायचे, तेव्हा भोंगेराव काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यायचे. खरे शब्द असे होते: "तिचं रसायनशास्त्र कच्चं आहे, तेवढं बघा."

भोंगेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बसस्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते माईकवरून सांगायची त्यांची नोकरी. आवाज असा दणदणीत की एकदा माईक बंद पडला तरी संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हापासून डेपोतल्या लोकांनी त्यांना भोंगा केलं, आणि वय वाढल्यावर मान म्हणून मागे राव लावलं. या माणसाला हळू बोलता येत नाही. दवाखान्यात ते बायकोच्या कानात कुजबुजले, तर शेजारच्या वॉर्डातल्या म्हातारीने "हो हो" म्हणून उत्तर दिलं होतं.

आणि पोरगी म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी. आई परगावी नोकरीला, म्हणून लहानपणापासून मावशीकडेच वाढलेली. बडबड एवढी की मावशीनेच तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत बाकी सगळे विषय सुटले, विज्ञान तेवढं राहिलं. विज्ञानाच्या बाईंच्याच घरात विज्ञान राहावं, याची मावशीला फार लाज वाटली होती. नर्सिंगच्या कॉलेजात टिटवीची जागा धरून ठेवली होती, पण ती पुरवणी परीक्षेत विज्ञान सुटलं तरच. नाही सुटलं तर जागाही गेली आणि वर्षही गेलं. मावशी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायची. आणि परीक्षा अगदी तोंडावर आली असताना मावशीच गेली.

तेव्हापासून टिटवीने तोंड मिटलं ते मिटलंच. रडली नाही, बोलली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. घरात तिचा आवाज नाही म्हटल्यावर बायको गेल्याचं भोंगेरावांना दुप्पट जाणवत होतं. त्यांना रडायचं होतं, पण पोरीसमोर कसं रडायचं? शिवाय रडायला लागलो तर आपल्या आवाजात गल्ली गोळा होईल, हीही धास्ती होतीच.

घर सांभाळायला भोंगेरावांची थोरली बहीण आली होती. तिला सगळे अक्का म्हणायचे आणि सगळेच टरकून असायचे. अक्काने आल्या आल्या दोन गोष्टी बजावल्या. एक, फोटोपुढची मेणबत्ती दुखवटा संपेपर्यंत विझता कामा नये. दोन, लोक भेटायला येतात तेव्हा पोरीने बाहेर येऊन बसायचं, आणि हातात पुस्तक दिसता कामा नये. घरात माणूस गेलंय आणि पोरगी घोकंपट्टी करतेय, लोक काय म्हणतील? परीक्षेचं सांगून बघितलं, पण अक्कापुढे भोंगेरावांचा आवाजही चालत नसे. आणि लोक तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत येत होते.

म्हणून भोंगेरावांनी एक बेत केला, आणि त्यांच्या मते तो अगदी फक्कड होता. स्वयंपाकघरात दाराआड उभं राहून पुस्तकातलं एकेक पान डोक्यात भरायचं, बाहेर येऊन टिटवीशेजारी मान खाली घालून बसायचं आणि तिच्या कानात हळूच प्रश्न विचारायचे. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काका भाचीची समजूत काढताहेत. घरात इतकी वर्षं लिटमस लिटमस कानावर पडलं होतं, पण लिटमस कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी दाराआड उभं राहून त्यांनी जमेल तेवढं पाठ केलं. समासात बायकोच्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या की मात्र अक्षरं पुसट व्हायची आणि तीच ओळ पुन्हा वाचावी लागायची.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती. दुखवट्याच्या घरात असते तशी अवघडलेली शांतता होती. फार वाईट झालं, असं एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. मग सगळ्यांनी पंख्याकडे बघायचं. लगेच उठलं तर बरं दिसत नाही आणि बसलं तर बोलायचं काय, अशा पेचात सगळे अडकलेले. भोंगेराव टिटवीशेजारी बसले, मान खाली घातली आणि त्यांच्या मते कुजबुजले:

"मानवी हृदयाला कप्पे किती?"

सगळी खोली दचकली. एका म्हातारबाबांनी दरवाजाकडे बघितलं, बहुतेक गाडी लागली असं वाटून. टिटवी गप्प. भोंगेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "चार."

बोलले ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर ते ओशाळले, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. इतका वेळ पंख्याकडे बघून त्यांची मान अवघडली होती. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, नक्की चार का? मग चौथा कशाला लागतो? तिसऱ्याने आपल्या मेव्हण्याच्या हृदयाच्या ऑपरेशनची हकिकत काढली. पाच मिनिटांत खोलीत माणसांचा आवाज सुरू झाला.

आता भोंगेरावांना थांबवेना. जठरात कुठलं आम्ल असतं, असं विचारलं तर औषधवाल्यांनी आम्ल सांगायच्या ऐवजी त्यावरची गोळी सांगितली, जेवणाआधी की नंतर तेही सांगितलं. वरच्या मजल्यावरचा वायरमन म्हणाला, आम्हाला विजेचं विचारा की. त्याला ओहमचा नियम विचारला. त्याने ओहम बाजूला ठेवून आपल्याला पावसाळ्यात शॉक कसा बसला आणि आपण खांबावरून थेट भाजीवाल्याच्या हातगाडीवर कसे पडलो ते रंगवून सांगितलं. यात नियम कुठे आला, असं कुणीतरी म्हणालं. नियम पाळला नाही म्हणूनच पडलो, असं त्याचं म्हणणं पडलं. रक्त गाळतं कोण, यावर खोलीत सरळ दोन तट पडले, आणि मूत्रपिंडाचं नाव दोन्ही तटांनी घेतलं नाही. एक बाई डोळ्यांना रुमाल लावून रडत रडत आत आल्या, उंबऱ्यातच त्यांच्या कानावर पडलं की झाडाची पानं हिरवी का असतात. त्यांनी रुमाल खाली घेतला, "हरितद्रव्य हो, हरितद्रव्य," असं म्हणून पुन्हा डोळ्यांना लावला आणि रडत आपल्या जागी जाऊन बसल्या.

अक्का मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, म्हणून हे सगळं निभावत होतं. भोंगेरावांना बरं वाटत होतं. किती दिवसांनी घरात हे शब्द ऐकू येत होते. मग त्यांची नजर फोटोवर गेली आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच त्यांना शरम वाटली. आणि त्यांनी टिटवीकडे बघितलं. ती तशीच बसली होती, मान खाली, हात मांडीवर. सगळ्या गल्लीची उजळणी झाली होती, एकट्या टिटवीची सोडून. परीक्षा उद्यावर आली होती.

"बरं," भोंगेराव अगदी रडकुंडीला येऊन तिला म्हणाले, "हे तरी सांग. पेटत्या मेणबत्तीवर काचेची बरणी पालथी घातली तर काय होईल?"

टिटवीने सांगितलं नाही. पण खोलीला आता दम धरवत नव्हता. वायरमन म्हणाला, काही होणार नाही, बरणी तेवढी तापेल. औषधवाले म्हणाले, विझेल. वायरमन म्हणाला, का विझेल, वारा तर लागत नाही, उलट जास्तच जळेल. औषधवाल्यांनी आपण रसायनात जन्म काढल्याचं सांगितलं. वायरमन म्हणाला, खोकल्याच्या बाटल्या विकणं म्हणजे रसायन नव्हे. झालं, औषधवाल्यांचा पारा चढला. ते उठले, कोपऱ्यातल्या टेबलावरची रिकामी बरणी उचलली आणि आपण कुठे आहोत, कशाला आलो आहोत, याचा काहीही विचार न करता फोटोपुढच्या मेणबत्तीवर पालथी घातली.

सगळे पुढे वाकून बघत होते. ज्योत लांबली, मग बारीक झाली, मग निळसर दिसली. धूर वर गेला आणि मेणबत्ती विझली. "बघा," औषधवाले विजयाने म्हणाले, आणि मागे वळले तर दारात अक्का उभी होती. हातात ओला टॉवेल होता आणि नजर विझलेल्या मेणबत्तीवर.

औषधवाल्यांची पाचावर धारण बसली. वायरमन हळूच हरितद्रव्यवाल्या बाईंच्या मागे सरकला. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि घर भोंगेरावांचं असल्यामुळे ते त्यांनाच भाग होतं. दाराआड पाठ केलेलं सगळं डोक्यात कालवलं गेलेलं. ते म्हणाले, "अक्का, रागावू नकोस, हे शास्त्रातच आहे. आतला कार्बन डायऑक्साइड संपला, म्हणून ती विझली."

"ऑक्सिजन, काका!"

टिटवी उभी राहिली होती. इतके दिवस न वापरलेला आवाज चिरकला, पण थांबला नाही. "ऑक्सिजन संपला म्हणून विझली. कार्बन डायऑक्साइड तयार होतो, संपत नाही. एवढंही येत नाही? आणि जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, गोळी नसते. रक्त मूत्रपिंड गाळतं. ओहमचा नियम म्हणजे तापमान वगैरे तेच ठेवलं तर विद्युतधारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते, त्यात हातगाडी कुठेच येत नाही. सकाळपासून ऐकतेय मी, एक म्हणजे एक उत्तर धड नाही. मावशी असती तर तिने तुम्हाला एकेकाला बाहेर..."

मावशी म्हटलं आणि पुढचं वाक्य राहूनच गेलं. मग ती जी रडायला लागली ती लहान पोरासारखी, जमिनीवर बसून, मोठमोठ्याने. तिला जवळ घेऊन भोंगेरावही रडले. व्हायचा तो आवाज झालाच, समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या, पण त्यांना आता कशाचीच पर्वा नव्हती.

अक्का आता काय करते म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसले होते. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, बरणी उचलून बाजूला ठेवली, काडी ओढली आणि मेणबत्ती लावली. ज्योत धरली. अक्का तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग टिटवीसमोर खाली बसली.

"आता कशी गं पेटली?" तिने विचारलं. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

टिटवीने नाक पुसलं. "बरणी काढली ना," ती हुंदके देत म्हणाली, "बाहेरची हवा आली."

अक्काने मान हलवली, आत गेली, आणि पुस्तक आणून सगळ्यांच्या देखत तिच्या मांडीवर ठेवलं. त्या संध्याकाळी कुणी घरी जायला उठेना. टिटवी शिकवत होती आणि खोली शिकत होती. औषधवाल्यांना तिने रासायनिक समीकरण दोनदा चुकल्याबद्दल पुन्हा लिहायला लावलं. वायरमनला एकसर जोडणी येत होती, पण ती का तशी असते हे येत नव्हतं, म्हणून त्यालाही सुटका मिळाली नाही.

टिटवी पास झाली, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण परीक्षा संपवून ती शाळेच्या फाटकाबाहेर आली तेव्हा भोंगेरावांना हे माहीत नव्हतं. सकाळपासून ते तिथेच उभे होते, पोटात अन्नाचा कण नाही. कसा गेला पेपर, म्हणून विचारलं. रसायन बरं गेलं म्हणाली. भौतिकही ठीक. जीवशास्त्रात एक मुद्दा सोडला.

सोडला? भोंगेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. एकेका मार्कावर सगळं अडलेलं असताना सोडला?

"सजीवांची लक्षणं लिहा, असं होतं," टिटवी म्हणाली. "वाढ लिहिली. श्वसन लिहिलं. उत्सर्जन, प्रजनन, चेतना, सगळं लिहिलं. शेवटचं नाही लिहिलं."

भोंगेराव बोटांवर मोजायला लागले. ते पान त्यांनी दाराआड उभं राहून वाचलं होतं. शेवटच्या बोटावर आले आणि थांबले. सजीवाला ठरावीक आयुर्मान असतं. ते संपलं की तो मरतो.

"येत होतं ना तुला?" त्यांनी विचारलं.

"येत होतं."

एवढं येत होतं तर लिहायला काय झालं होतं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. मार्क होता, जागा होती, वर्ष होतं. पण त्यांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि दोघं घराकडे चालायला लागले. सबंध पुस्तकात भोंगेरावांना पक्कं येत असलेलं तेवढं एकच उत्तर होतं, आणि तेही त्यांनी कोरंच सोडलं असतं.